सवकास: माशेलच्या चिखलकाल्याच्या स्लो मोशन नोंदी

8 जून 2025

काम ठरले. यंदाचा गोव्यातल्या माशेलचा चिखलकाला, म्हणजे आषाढातला चिखलात खेळण्याचा उत्सव, स्लो मोशनमध्ये टिपायचा. ही कोणाची ऑर्डर नाही. एरवी माझे वर्ष लग्ने, मुंजी आणि बारशी यांच्या शूटिंगवर निघते, हे मात्र बाबांसाठी आहे. पोरवयापासून साठी उलटेपर्यंत दर आषाढात ते अंगाला तेल चोपडून देवकीकृष्णाच्या मंदिरासमोरच्या मैदानात उतरत. आता गुडघे साथ देत नाहीत, कडेला खुर्ची टाकून बसतात. गेल्या वर्षी मी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्यांना दाखवला. दोनदा पाहिला आणि म्हणाले, सगळे भुर्रकन गेले, पाय कुठे दिसलेच नाहीत.

चिखलात उतरलेला माणूस काल्यात पायच बघतो, हे मला तेव्हा कळले.

चार मिनिटांची फिल्म. एकादशी 6 जुलैला, काला द्वादशीला म्हणजे 7 जुलैला. हातात चार आठवडे. घरात आम्ही कोंकणी बोलतो, लिहिते मी मराठीत. फोल्डरला नाव मात्र बाबांच्या तोंडचे दिले, ‘सवकास’. मराठीतले सावकाश तेच.

11 जून

कॅमेरा भाड्याने आणला. सेकंदाला 120 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, काढतो, तेही 4के या बारीक तपशिलाच्या आकारात. पहिली चाचणी अंगणातच. सकाळपासून पाऊस, वळचणीच्या पागोळ्या एका लयीत गळत होत्या. स्लो मोशन तपासायला पागोळीसारखे दुसरे काही नाही. माणूस मध्येच थबकला तर तो थबकला की व्हिडिओ, हे सांगता येत नाही. थेंब थबकत नाही.

आमची वळचण जमिनीपासून साधारण अडीच मीटर. तिथून थेंबाला खाली यायला 0.7 सेकंद लागतो. नेहमीच्या 25 फ्रेमच्या व्हिडिओत त्याचे जेमतेम 18 फ्रेम मिळतात, 120 मध्ये 85.

संध्याकाळी क्लिप 25 च्या टाइमलाइनवर, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम दाखवणाऱ्या संपादनाच्या पट्टीवर टाकली, वेग 20 टक्के केला. सुंदर दिसले, पण मध्येच थेंब हवेत अडखळतो. क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. पुन्हा पाहिले, तेच. ट्रायपॉड हलला नव्हता. कॉम्प्युटर दमला असेल म्हणून क्लिप रेंडर करून पाहिली, झटका तसाच. कार्ड बदलून पुन्हा शूट केले, तरी तसाच. रात्री अकरापर्यंत याच मागे होते.

12 जून

सापडले. सकाळी डोके शांत असताना बाण दाबत एकेक फ्रेम पुढे नेली आणि कागदावर टिपत गेले. चोवीस फ्रेम वेगवेगळे, पंचविसावा हुबेहूब चोविसावाच. पुन्हा चोवीस नवे, एक जुना. झटका सेकंदाला नेमका एकदा येत होता. काल मी नुसती बघत बसले, मोजले असते तर कालच कळले असते.

हिशेब शाळेतला आहे. 120 चे 20 टक्के म्हणजे सेकंदाला 24 नवे फ्रेम. टाइमलाइनला हवेत 25. उरलेला एक सॉफ्टवेअर कुठून आणणार? आधीचाच पुन्हा दाखवते. गुळगुळीतपणा बिघडतो तो इथे, या भागाकारात. कॅमेऱ्याचा वेग टाइमलाइनच्या वेगाने निःशेष भागला गेला पाहिजे आणि क्लिप तेवढ्याच पटीने हळू केली पाहिजे. 120 घ्यायचे तर टाइमलाइन 24 ची आणि पाच पट हळू, किंवा टाइमलाइन 30 ची आणि चार पट हळू. 25 च्या टाइमलाइनला 100 हवेत, चार पट.

त्यातही एक खाच आहे. मेनूत 120 लिहिलेले असले तरी एनटीएससी या अमेरिकेतल्या व्हिडिओ पद्धतीत कॅमेरा प्रत्यक्षात 119.88 काढतो. नेमक्या 24 च्या टाइमलाइनवर तेवढा फरकही सुमारे 42 सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवतो. लांब शॉट असेल तर तो डोळ्याला टोचतो. टाइमलाइन 23.976 ची घेतली की प्रश्न मिटतो.

मी कॅमेरा पाल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीवर नेला. त्याने कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला लावले, केले. आता 100. टाइमलाइन 25. आणि टक्केवारीच्या भानगडीतच पडायचे नाही असे ठरवले. रिझॉल्व या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप टाइमलाइनवर नेण्याआधीच क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये तिचा फ्रेम रेट 100 चा 25 करून टाकायचा. मग तिच्यातला प्रत्येक फ्रेम एकदाच आणि रांगेने दिसतो, गाळणे नाही की भर घालणे नाही. हे आधी करायचे. कापाकापी झाल्यावर केले तर आधीचे सगळे कट सरकतात.

दुपारी पागोळ्या पुन्हा घेतल्या. थेंब वळचणीपासून फरशीपर्यंत न अडखळता आला. आईला हाक मारून दाखवले. ती म्हणाली, कौलाखाली एवढी जळमटे आहेत हे दिसले नव्हते.

15 जून

आजचा दिवस शटरचा, म्हणजे एक फ्रेम किती वेळ उजेड घेतो त्याचा. नियम जुना आहे, फ्रेम रेटच्या दुप्पट शटर. 25 ला 1/50, 100 ला 1/200. नियम का आहे ते स्वतः बघावे म्हणून तीच पागोळी तीन शटरवर घेतली.

1/1000 वर प्रत्येक थेंब काचेच्या मण्यासारखा कोरीव आला. हॅरॉल्ड एजर्टन यांचे दुधाच्या थेंबाचे 1957 चे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल, थेंब आपटून वर उठलेला मुकुट. तसा एकेक फ्रेम. फ्रेम म्हणून देखणा, पण चालवले की थेंब वाहत नाही, उड्या मारत उतरतो, कारण एका फ्रेममधला मणी आणि पुढच्या फ्रेममधला मणी यांना जोडणारे काहीच नसते. 1/200 वर प्रत्येक थेंबाला छोटी शेपटी येते आणि ती शेपटी पुढच्या फ्रेमला हात देते. 1/100 वर शेपट्या एकमेकींना भिडतात, सगळे मऊ होते, पाण्याला शोभते, चिखलाच्या शिंतोड्याला शोभेल असे वाटत नाही. चिखलाला 1/200 पक्के. अगदी शिंतोड्याच्या जवळच्या शॉटला 1/400 करून बघेन.

किंमत उजेडात मोजावी लागते. 1/50 वरून 1/200 म्हणजे चौपट कमी उजेड, दोन स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा किंवा दुप्पट होतो). अंगणात ढगाळ दुपारी लेन्सचे तोंड एफ 4 ला असताना आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनक्षमता, 400 पुरत होते, ते 1600 झाले. जुलैत माशेलला आभाळ असे भरून येते की चार वाजताच दिवेलागण झाल्यासारखे वाटते. तेव्हा जास्त उजेड आत घेणारी 2.8 ची लेन्स हवी. तीही भाड्याने.

19 जून

मावशीकडे भजनाचा सराव होता, तिथे कॅमेरा नेला. काल्याच्या आदल्या दिवसापासून मंदिरात अखंड भजन चालते, त्यातले टाळ मला हळू हवे आहेत. म्हणजे घरातल्या दिव्यांत शूटिंग.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. मुद्दाम एक क्लिप 120 वर घेतली. दिव्याचे 100 आणि कॅमेऱ्याचे 120 यांच्यातला 20 चा फरक झगमग होऊन उतरतो. पाच पट हळू केल्यावर ती सेकंदाला चार वेळा. भिंत, माणसे, तबला, सगळे धपधप करत होते. 100 वर घेतलेली क्लिप स्थिर. बाहेरचे ट्युटोरियल बघून 120 वर शूट करणाऱ्या आपल्या पोरांना हे कोणी सांगत नाही. ती मग झगमग काढायचे प्लगइन विकत घेतात. कॅमेऱ्याचा एक मेनू बदलला तर अर्धे दुखणे तिथेच संपते.

तेवढ्यात लाइट गेली, जनरेटर सुरू झाला. त्यानंतरच्या क्लिपमध्ये नवीनच प्रकार दिसला. झगमग नाही, पण खोली श्वास घेतल्यासारखी दर दोन सेकंदांनी उजळते आणि मंद होते. उलटा हिशेब केला. चार पट हळू असताना दोन सेकंद, म्हणजे खऱ्या वेळेत अर्धा सेकंद. सेकंदाला दोन हेलकावे. दिवा 100 ऐवजी 102 किंवा 98 वेळा उजळत होता, म्हणजे जनरेटर 51 वर नाहीतर 49 वर चालला होता. उपाय जागेवरच सापडला. शटर 1/100 केले. मग प्रत्येक फ्रेम दिव्याचे जवळजवळ एक पूर्ण आवर्तन पोटात घेतो आणि हेलकावा डोळ्याला दिसेनासा होतो. टाळांची कड थोडी मऊ झाली. चालेल, उजेडही एक स्टॉप जास्त मिळाला.

24 जून

सांजांव, पावसाळ्यात विहिरीत उड्या मारायचा गोव्यातला ख्रिस्ती सण. मैत्रिणीच्या गावी विहिरीवर गेलो. डोक्यावर फुला-पानांचे कोपेल घालून मुले धडाधड उड्या टाकत होती. रंगीत तालीम म्हणून उत्तम दिवस.

शिकले ते एवढेच, की बटण उडीच्या आधी दाबायचे. उडी दिसल्यावर दाबले तर हवेतला अर्धा प्रवास गेलेला असतो. पाणी कठड्याखाली तीन मीटरवर असेल तर हवेत पाऊण सेकंदच मिळतो. मुलाचे पाय बघायचे, अंगठे कठड्याच्या कडेला वळले की दाबायचे. आणि थांबवायचेही वेळेवर. दहा सेकंद घेतले की संपादनात चाळीस सेकंद बघावे लागतात. आमच्या सेटिंगला सेकंदाला 280 मेगाबिट लिहिले जाते, म्हणजे मिनिटाला दोन गिगाबाइटहून जास्त. एका तासाने माझे कार्ड भरले आणि त्यात कामाचे तीन शॉट होते.

28 जून

बाबांना घेऊन मैदान बघायला गेले. पाऊस थांबला होता. मैदानात पाणी साचून चिखल अजून पातळ होता. बाबा म्हणाले, अजून आठ दिवस पाऊस हवा, पावलांनी मळला की मग तो तयार होतो.

मी कॅमेरा कुठे लावू म्हणून विचारत होते. ते उंचवट्याकडे बघतच नव्हते. त्यांनी काठीने जमिनीजवळची जागा दाखवली, गुडघ्याच्याही खाली. मग जे सांगितले ते इथे नीट लिहून ठेवते. चिखलात पाऊल रुतले की ते सरळ वर ओढायचे नाही. सरळ ओढले तर चिखल खालून ओढून धरतो आणि माणूस तोंडावर पडतो. टाच आधी सोडवायची. टाच जरा वळवून उचलली की बाजूने हवा आत शिरते, चप्प असा आवाज येतो आणि पाऊल आपसूक सुटते. नव्या पोरांना हे ठाऊक नसते, म्हणून ती जास्त पडतात. मला म्हणाले, “टाच पळय. सवकास पळय.” टाच बघ, सावकाश बघ.

फिल्मचा मुख्य शॉट ठरला. बाकी सगळे याच्या आजूबाजूला.

3 जुलै

ओल. लेन्सला बुरशी लागण्याचे दिवस. डब्यात सिलिका जेल बदलले. काल एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढला तर लेन्सवर धुके चढले आणि दहा मिनिटे काहीच करता आले नाही. काल्याच्या दिवशी एसी बंद, बॅग आदल्या रात्रीपासून ओसरीवर. रेनकव्हर, दोन जादा यूव्ही फिल्टर, साध्या पाण्याची बाटली, सुती पंचा. चिखल लागलेला फिल्टर कोरडा पुसायचा नाही, त्यात रेती असते, काच खरडते. आधी पाणी ओतायचे.

6 जुलै, एकादशी

भजनाचे शॉट झाले, 100 फ्रेम, शटर 1/100. टाळ आपटल्यावर दोन्ही कडा कशा थरथरतात ते इतके हळू कधी पाहिले नव्हते. देवकीच्या मांडीवर बाळकृष्ण, अशी ही मूर्ती. मूळ चोडण बेटावरची, पोर्तुगीज अमलात तिथून हलवली. देवापुढे हात जोडले आणि लवकर घरी आले. उद्या पाच तास उभे राहायचे आहे.

7 जुलै, द्वादशी

सकाळी भरभक्कम सर येऊन गेली. चिखल बाबांना हवा तसा झाला होता, घट्ट, चकचकीत, काळपट तांबडा.

बाबांची खुर्ची मैदानाच्या कडेला टाकली. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर, लाकडी पाटावर मांडी घालून, कॅमेऱ्याचा मोनोपॉड (एकपायी स्टँड) आडवा करून मांडीवर. कॅमेरा स्थिर ठेवणारा गिंबल आणलाच नव्हता. चार पट हळू झाल्यावर हाताचा बारीक थरथराटही ताणला जातो आणि झुलल्यासारखा सौम्य होतो. सेकंदातली घाई निघून जाते. खेळणाऱ्यांपासून दूर राहून 70-200 लेन्सने खालून घेत होते.

भजनाची मंडळी मंदिरातून निघाली, ढोल आले, “जय विठ्ठल, हरी विठ्ठल” सुरू झाले आणि अंगावर तेल चमकणारे पुरुष, मुले चिखलात उतरली. पहिली दहा मिनिटे मी रेकॉर्डच केले नाही. पाय बघत होते. बाबा म्हणतात ते खरे. पन्नाशीतले एक गृहस्थ चिखलात असे चालत होते की जणू ओसरीवर फेऱ्या घालताहेत. त्यांच्या टाचेवर फोकस लावला आणि तिथेच ठेवला. ऑटोफोकस बंद, कारण उडणारा शिंतोडा मध्ये आला की तो तिकडे धावतो. ते फेरीत पुन्हा त्याच जागी आले. आठ सेकंद. मिळाला.

मग घसरणारी मुले. एक पोरगा पोटावर घसरत थेट माझ्या पाटापर्यंत आला आणि त्याच्या हनुवटीने फाडलेली चिखलाची लाट लेन्सवर आदळली. पाणी, पंचा, नवा फिल्टर. आभाळ भरून आले तसे आयएसओ 3200 पर्यंत गेले. चित्रात दाणे दिसले तर दिसोत, शटर सोडायचे नाही.

साडेबाराच्या सुमारास बॅटरी बदलली. लगेच, रेनकव्हर नीट लावायच्या आतच, बाबांच्या खुर्चीकडे एक म्हातारे गृहस्थ आले. बाबांचे जुने सोबती, त्यांच्याबरोबर चिखलात खेळलेले. अंगभर चिखल. काही बोलले नाहीत. ओंजळीतला चिखल दोन बोटांनी घेतला आणि बाबांच्या कपाळाला लावला, गंध लावतात तसा. बाबांनी डोळे मिटले होते. मी वळून शॉट घेतला. फोकस लागला होता, उजेड बरोबर होता, हात स्थिर होता. दिवसभरातला सर्वांत चांगला शॉट, हे तेव्हाच कळले.

8 जुलै

तो शॉट 25 वर आहे.

बॅटरी बदलताना कव्हरच्या आत डायल सरकली आणि कॅमेरा साध्या व्हिडिओवर गेला. शटर 1/200 तसेच राहिले. कपाळाला बोट लागते ते क्षण दोन सेकंदांचे, एकूण 50 फ्रेम. मला 200 हवे होते.

आज बाकी काही केले नाही.

10 जुलै

सगळ्या क्लिप तपासल्या. टाचेचा शॉट जसा हवा तसा मिळाला आहे. लिहिते, कारण नुसते बघून ठेवायला मन होत नाही. टाच किंचित वळते. तिच्या मागे चिखलात नखाएवढी काळी फट पडते. फट बोटभर रुंद होते, आत हवा शिरताना कडेचा चिखल आत ओढला जातो आणि फुगा येऊन फुटतो. मग टाच वर येते, तिला चिकटलेले तीन-चार तंतू लांबतात, बारीक होतात, मधोमध तुटतात. वरचे अर्धे तंतू टाचेकडे आखडतात, खालचे परत चिखलात बसतात. शेवटी अंगठा निघतो आणि खड्डा स्वतःहून मिटतो. फट पडल्यापासून तंतू तुटेपर्यंत मोजले, 16 फ्रेम. साध्या व्हिडिओत याचे चारच फ्रेम आले असते आणि फुगा त्यात सापडलाच नसता.

भाच्यानेही मोबाइलवर 240 फ्रेमने काढले होते. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल निरुपयोगी. ती हळू करूनच बांधलेली आणि शिवाय दाबून लहान केलेली आली, जास्तीचे फ्रेम वाटेतच गेले. केबल लावून मूळ फाइल घेतली. ती अधूनमधून अडखळत होती, आणि हा अडखळा माझ्या जूनच्या झटक्यासारखा नियमित नव्हता. फाइलची माहिती उघडली तर फ्रेम रेट बदलता. मोबाइल उजेड कमी झाला की, किंवा त्याच्या मनाला येईल तसे, फ्रेममधले अंतर बदलतो. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटमध्ये काढून घेतली, बरीच सुधारली. शिंतोड्याचे दोन शॉट वापरता येतील. 240 ला 25 वर खेळवले की जवळजवळ साडेनऊ पट हळू. उडत्या चिखलाला ते छान दिसते. माणसाच्या चेहऱ्याला नाही, हसू इतके लांबते की ते हसू राहत नाही. माणसाला चार पट पुरे.

12 जुलै

कपाळाच्या शॉटवर दोन दिवस घालवले. साधी पद्धत अशी, की वेग 25 टक्के करायचा, प्रत्येक फ्रेम चारदा दिसतो. पायऱ्या उतरल्यासारखे दिसले. फ्रेम ब्लेंड केले तर बोट एकावर एक विरघळू लागले, एका हाताचे दोन पुसट हात झाले. मग ऑप्टिकल फ्लो. यात सॉफ्टवेअर एका फ्रेममधला ठिपका पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेला ते शोधते आणि मधले फ्रेम स्वतः रचते. मोकळ्या रस्त्यावरून सरळ जाणारी गाडी असेल तर हे काम फार छान करते. भजनाच्या एका शॉटवर, मंडळी समोरून चालत येतात तिथे, कामी आलेसुद्धा.

इथे नाही. बोट कपाळावर येते तेव्हा ते कपाळाला झाकते. झाकलेल्या भागात काय होते ते सॉफ्टवेअरला माहीत नाही, म्हणून ते बोटाच्या कडेने कपाळाची कातडी ताणून आणते. सुरकुत्या तुपासारख्या वितळतात. बोटावरून ओघळणारा चिखलाचा थेंब एका फ्रेमला आहे, पुढच्या तीन रचलेल्या फ्रेमला धूर आहे, मग पुन्हा थेंब आहे. चारातले तीन फ्रेम अंदाजाचे. आणि ते बाबांचे कपाळ आहे. तिथे मला अंदाज नको.

कॅमेऱ्याने न पाहिलेला काळ संपादनात आणता येत नाही. ऑस्ट्रियातले धर्मगुरू आउगुस्ट मुस्गर यांनी 1904 मध्ये स्लो मोशनचे पेटंट घेतले, त्यांचेही तत्त्व हेच, वेगाने टिपा आणि सावकाश दाखवा. टिपलेच नसेल तर काय दाखवणार? शॉट आहे त्या वेगाने ठेवला. शटर लहान राहिल्यामुळे हालचाल किंचित करकरीत दिसते. तेवढे चालवून घेते.

16 जुलै

आवाज. 100 फ्रेमचा मूळ आवाज चार पट ताणला तर दोन सप्तके खाली जातो, ढोल म्हणजे लांबचा गडगडाट. काही लोकांना आवडतो, मला नाही. भाच्याने मैदानात वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतला होता, तो खऱ्या वेगाने संपूर्ण फिल्मखाली लावला. चित्र सावकाश, “जय विठ्ठल, हरी विठ्ठल” मात्र होते त्याच लयीत. टाचेच्या शॉटवर फक्त एक ‘चप्प’ ठेवला, फुगा फुटतो त्या फ्रेमवर. तो दोन फ्रेम मागे-पुढे करण्यात तास गेला. फुटण्याच्या एक फ्रेम नंतर ठेवला तेव्हा पटला.

कपाळाचा शॉट आला की आवाज पूर्ण काढला. दोन सेकंद.

20 जुलै

एक्सपोर्ट 25 फ्रेम, स्थिर. लॅपटॉपवर बघताना मंडळी आडवी जातात त्या शॉटमध्ये पुन्हा हलके झटके. छातीत धस्स झाले. एकेक फ्रेम तपासला, फाइल स्वच्छ. दोष पडद्याचा. लॅपटॉपचा पडदा सेकंदाला 60 वेळा ताजा होतो, 60 ला 25 ने भाग जात नाही. म्हणून काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दिसतात. पुन्हा तोच भागाकार. लॅपटॉपचे आउटपुट 50 हर्ट्झ करून टीव्हीला जोडले, सगळे सरळ झाले. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय चालू होता. तो स्वतःचे फ्रेम मध्ये घुसडतो आणि चिखलाला प्लास्टिकसारखे करतो. बंद केला.

रात्री जेवणानंतर बाबांना लावून दिली. टाचेचा शॉट सुरू होताच ते खुर्चीत पुढे सरकले. फट पडली तेव्हा म्हणाले, “आतां वारें गेलें.” हवा आत गेली. फुगा फुटण्याच्या आधीच म्हणाले.

कपाळाचा शॉट आला आणि गेला. ते काही बोलले नाहीत. फिल्म संपल्यावर रिमोट माझ्याकडून मागून घेतला आणि तेवढा भाग पुन्हा लावता येतो का विचारले. मी शिकवले. त्यांनी तो चार वेळा पाहिला, त्याच वेगाने. हळू करून दाखवू का, असे मी विचारले नाही.

मूळ क्लिप दोन ड्राइव्हवर ठेवल्या. एक मावशीकडे देईन, आमच्या घराला ओल फार. कॅमेरा आणि लेन्स उद्या सकाळी परत.